‘पचेल का?’ : वऱ्हाडातील आईचे आहारशास्त्र

बालकाच्या आहाराविषयी आहारशास्त्र पहिला प्रश्न विचारते तो अन्नात काय आहे हा. उष्मांक किती, प्रथिने किती, लोह आणि जीवनसत्त्वे किती, याचे उत्तर मिळाले की त्याचे अर्धेअधिक काम झालेले असते. अमरावती-अकोल्याकडच्या घरात मात्र घास लेकराच्या तोंडात जाण्यापूर्वी दुसराच प्रश्न विचारला जातो आणि तो वऱ्हाडीत ‘लेकराले पचन काय?’ असा ऐकू येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात सापडते, दुसऱ्याचे घरातल्या म्हातारीकडे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडीने पहिल्या प्रश्नाची उत्तरे भिंतींवर रंगवली, पाकिटांवर छापली आणि बैठकांमधून वाचून दाखवली. दुसऱ्या प्रश्नाला तिने क्वचितच हात घातला. आईच्या मनात पोषणाची समज कशी तयार होते हे पाहायचे असेल, तर सुरुवात या दुसऱ्या प्रश्नापासून करणे भाग आहे.

या दोन जिल्ह्यांत दोन वेगळे मुलूख आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. एक पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा, कापूस, तूर आणि सोयाबीनचा सपाट प्रदेश. दुसरा धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांचा मेळघाट, जेथे मुंडा कुळातील भाषा बोलणारे कोरकू आदिवासी बहुसंख्येने राहतात. सातपुड्याच्या पायथ्याचा अकोट-तेल्हारा हा अकोला जिल्ह्यातील पट्टा या दोहोंच्या सीमेवर आहे आणि मेळघाटातून उठवलेल्या काही गावांचे पुनर्वसन अकोट तालुक्यातच झाले आहे. मेळघाटातील बालमृत्यू १९९३ पासून वृत्तपत्रांतून, विधिमंडळातून आणि उच्च न्यायालयातून सतत गाजत राहिल्यामुळे कुपोषण म्हणजे मेळघाट असे समीकरण महाराष्ट्राच्या मनात बसले आहे. ते दिशाभूल करणारे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या पाचव्या फेरीत संपूर्ण महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड आणि ३६.१ टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. एवढी मुले एकट्या डोंगरात राहत नाहीत. धान्य विकून दोन पैसे गाठीला बांधणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातही ती आहेत. अशा घरात धान्याची कोठी भरलेली असूनही मूल का वाढत नाही, याचे एक कारण समजुतींमध्ये शोधावे लागते.

या समजुती म्हणजे सुट्या सुट्या भ्रामक कल्पनांची रास आहे, असे मानून आरोग्यशिक्षणाची बहुतेक पुस्तके त्यांची यादी देतात आणि प्रत्येकीसमोर ‘चूक’ अशी खूण करतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे बऱ्यापैकी सुसंगत असे शरीरशास्त्र आहे. त्यानुसार लहान मुलाचे पोट कोवळे असते आणि त्यातील अग्नी मंद असतो, म्हणून अन्नाची निवड त्याच्या सोसण्याच्या ताकदीवर ठरते. अन्नाचे तीन मोठे गुण मानले जातात. अंडी, पपई, मेथी, तीळ, गूळ हे उष्ण. त्याने अंगावर उठते, तोंड येते, ‘उन्हाळी लागते’. केळी, दही, ताक, सीताफळ हे थंड. त्याने सर्दी होते, छाती भरते. हरभऱ्याची डाळ, वाल, बटाटा, फुलकोबी हे वातूळ, म्हणजे पोटात वारा धरणारे. या गुणांचा भांड्याच्या तापमानाशी संबंध नाही, गरम दुधात केलेले केळ्याचे शिकरणही थंडच. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत हे गुण आईच्या दुधातून उतरतात असे मानले जात असल्यामुळे आईने दही खाल्ले की बाळाला पडसे होते, आणि मग आईच्या ताटातूनही दही, फळे व डाळी जातात. या शास्त्राचा एक नियम असा की घातलेल्या अन्नाने अपाय झाला तर दोष घालणाऱ्या बाईवर येतो आणि न घातलेल्या अन्नाने झालेला अपाय कोणाच्या लक्षातच येत नाही. अंडे दिले आणि रात्री मुलाला ताप आला, तर सून वर्षभर ऐकून घेते. अंडे वर्षभर दिलेच नाही आणि मूल दोन सेंटिमीटर कमी वाढले, तर तिला कोणी काही म्हणत नाही. म्हणून सावध आई कमी घालते, आणि तिच्या जागी तिचे वागणे शहाणपणाचेच आहे.

या सावधपणाचा पहिला आघात जन्मल्याबरोबर होतो. बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस स्तनातून येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस चवीने खाणाऱ्या महाराष्ट्रात बाईचा चीक मात्र जड, साठलेला आणि बाळाला न पचणारा मानून पिळून टाकण्याची रीत होती. तोवर बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा शेळीचे दूध चाटवले जाई. या चिकात रोगप्रतिकारक प्रथिने आणि पांढऱ्या पेशी भरपूर असतात, अ जीवनसत्त्व असते आणि त्याच्या सौम्य रेचक गुणाने बाळाची पहिली काळी शी बाहेर पडते. त्याचे प्रमाण एका वेळी चमचा-दोन चमचे एवढेच असते, पण नवजात बाळाच्या पोटाला तेवढेच हवे असते. ‘अजून दूधच उतरलं नाही’ हे जे निदान घरोघर होते, ते प्रमाणाच्या या चुकीच्या अपेक्षेतून. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असे वैद्यकशास्त्र सांगते, कारण त्यातील जिवाणूंचे बीजाणू कोवळ्या आतड्यात रुजून पक्षाघातासारखा जीवघेणा विकार होऊ शकतो.

परंपरा म्हणजे एकच एक आवाज, ही कल्पनाही येथे टिकत नाही. सुश्रुतसंहितेत दूध तीन-चार रात्रींनंतर प्रवृत्त होते असे म्हटले आहे आणि तोपर्यंत बाळाला मध-तूप देण्याची व्यवस्था सांगितली आहे. चरकसंहितेत मात्र जातकर्माच्या वेळी मंत्रून मध-तूप चाटवल्यावर लगेच उजवा स्तन बाळाच्या तोंडी देण्यास सांगितले आहे. दोन्ही ग्रंथ जुने आणि सारखेच मान्य. लोकांच्या व्यवहारात पहिला उतरला, दुसरा राहून गेला. आणि आज जेव्हा बहुसंख्य बाळंतपणे दवाखान्यात होतात, तेव्हा दोष म्हातारीच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीनुसार देशात ८८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली, तरी देशात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच होती. या दोन आकड्यांमधील अंतरात शस्त्रक्रियेची भूल, बाळ वेगळ्या खोलीत ठेवण्याची पद्धत आणि परिचारिकांची अपुरी संख्या आहे. तेथे समजूत आईची नसून संस्थेची असते.

चिकानंतर घुटी. वऱ्हाडातील बाळंतिणीच्या खोलीत एक सहाण असते आणि तिच्याशेजारी फडक्यात बांधलेले मुरडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, ज्येष्ठमध, मायफळ, अतिविष, खारीक, बदाम असे जिन्नस असतात. सकाळी बाळाला न्हाऊ घालण्याच्या वेळी आजी प्रत्येक जिन्नस आईच्या दुधात किंवा उकळून निवलेल्या पाण्यात सहाणेवर एक-एक वेढा उगाळते, बाळ मोठे होईल तसे वेढे वाढवते, पोट बिघडले असेल तर मुरडशेंगेचा वेढा अधिक, रात्री झोपत नसेल तर जायफळाचा; शेवटी सगळे बोटाने गोळा करून चमच्याने टाळ्याला लावते. हे पाहताना आजीच्या हातातील अचूकपणा नजरेत भरतो, आणि बाळाच्या दिवसभराच्या प्रकृतीकडे इतके बारीक लक्ष देणारी दुसरी व्यवस्था गावात नाही, हेही मान्य करावे लागते. तरीही जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये म्हणते, त्याचे कारण घुटीतील औषधींपेक्षा सहाण, पाणी, बोट आणि फडके यांत आहे. नवजात आतड्याचे अस्तर अजून पुरते सांधलेले नसते आणि उगाळलेल्या थेंबाबरोबर जिवाणू आत जातात. वेखंड-जायफळाचे अधिक वेढे गुंगी आणतात, हे तर आजीलाही ठाऊक असते. किंबहुना कधी कधी तोच हेतू असतो. एकेकाळी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बाळागोळी देऊन निजवत. त्या गोळीमागे अज्ञान किती आणि बारा तासांची पाळी किती, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

पाण्याचे प्रकरण खास या मुलखाचे आहे. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि एवढ्या उन्हात तान्ह्या बाळाला पाणी पाजू नका असे सांगणारी सेविका निर्दय वाटल्यास नवल नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते आणि कडक उन्हाळ्यातही बाळ अधिक वेळा अंगावर घेतले की तेवढ्याने त्याची तहान भागते, असे उष्ण प्रदेशांतील अभ्यासांतून दिसले आहे. पण वरच्या पाण्याचा धोका येथे दुहेरी ठरतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूगर्भातील पाणी मुळातच खारट असलेल्या भागात, विहिरीचे पाणी पिण्यास योग्य नसते आणि बाहेरून आलेले पाणी कित्येक दिवस साठवून ठेवावे लागते. साठवणीचे पाणी वाटीत घेऊन बोटाने चाटवले की उन्हाळ्याच्या जुलाबांना दार उघडते. पाण्याने पोट भरलेले बाळ दूधही कमी ओढते, आणि कमी ओढले की आईचे दूध कमी बनते. मग ‘दूध पुरत नाही’ हे म्हणणे खरे ठरते.

सहा महिन्यांनंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. गंमत अशी की येथे परंपरा आणि विज्ञान यांचे घड्याळ जवळपास जुळते. उष्टावण, म्हणजे बाळाला पहिल्यांदा अन्न चाखवण्याचा संस्कार, मुलाचा सहाव्या किंवा आठव्या आणि मुलीचा पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करावा असा संकेत आहे. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचे बोट बाळाच्या जिभेला लावले जाते. अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. विधी पार पडला की बाळ पुन्हा दुधावरच राहते, कारण खरे जेवण दात आल्यावर सुरू करायचे असते. दात नाहीत म्हणजे निसर्गानेच अजून चावण्याची परवानगी दिलेली नाही, असा हा तर्क आहे. पहिला दात कोणाला सहाव्या महिन्यात येतो, कोणाला वर्षभराने. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांच्या वयात दुधाशिवाय रोज सुमारे २०० उष्मांकांचे अन्न लागते, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. दाताची वाट पाहणाऱ्या घरात ही सगळी भर बुडते.

जेथे अन्न सुरू होते, तेथे ते वरणाच्या पाण्याने सुरू होते. पातेल्यातील शिजलेले तुरीचे वरण निवू दिले की डाळ तळाशी बसते. वरचे पिवळे, मिठाचे, हळदीचे पाणी वाटीत काढून त्यात भाताची चार शिते कुस्करायची आणि बाळाला पाजायचे, तळची डाळ घरातल्या कर्त्या माणसांच्या भाकरीबरोबर जाते. आईच्या दृष्टीने डाळीचा ‘कस’ पाण्यात उतरलेला असतो आणि चोथा गाळला गेलेला असतो. आहारशास्त्राच्या दृष्टीने नेमके उलटे घडलेले असते. सात किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर मावते, आणि ती जागा पाण्याने भरली तर बाळ तृप्त दिसते, पण उपाशी राहते. चमचाभर तुपात ४५ उष्मांक असतात. वरणाच्या घट्ट भागात कुस्करलेला भात आणि त्यावर ते चमचाभर तूप एवढ्याने वाटीचे स्वरूप बदलते. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी केवळ ११.३ टक्के होती. डाळ घरात आहे, तूप किंवा तेल घरात आहे, तरी हा आकडा एवढा खाली आहे, यावरून तो पैशापेक्षा वाटीचा प्रश्न अधिक असल्याचे दिसते.

या मुलखाकडे घट्ट आणि पचणारे अन्न नव्हते, असे मात्र नाही. भाजलेल्या डाळ्या आणि गहू दळून केलेले सातूचे पीठ उन्हाळ्यात गुळाच्या पाण्यात कालवून घरोघर खाल्ले जाते. भाजल्यामुळे ते पचायला सोपे, धान्य-डाळीच्या मिश्रणामुळे प्रथिनांच्या दृष्टीने पुरे, आणि टिकाऊ. ज्वारीला मोड आणून, वाळवून दळलेल्या पिठाची पेज तर शास्त्राला फार आवडणारी वस्तू आहे, कारण मोड येताना तयार होणारे विकर पिष्टाचे तुकडे करते आणि पेज घट्ट न होता तिच्यात अधिक पीठ मावते. मुगाची खिचडी आजारी माणसाला आणि लेकराला चालते, यावर सगळ्या सासवांचे एकमत आहे. पण मूग शेतातून गेला. पेरणीनंतर अडीच महिन्यांच्या आत, पोळ्याच्या आसपास हाती येणारा मूग, त्याच्यासोबतचा उडीद आणि भाकरीची ज्वारी यांची जागा १९९० नंतर सोयाबीनने झपाट्याने घेतली.  सोयाबीन घरात शिजत नाही, बाजारात जाते. मूग आता किराणा दुकानातून आणायचा, म्हणून तो आजारपणात आणला जातो. समजूत जागेवर राहिली आणि तिला आधार देणारे पीक निघून गेले, अशा वेळी समजुतीला दोष देणे सोपे असते.

आईच्या स्वतःच्या ताटाबाबतही असेच घडले आहे. गरोदरपणी फार खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडते, किंवा एकाच पोटात अन्न आणि मूल यांची दाटी होते, या समजुतीने शेवटचे महिने कमी खाण्याचे असतात. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते म्हणून त्या उशीखाली जातात. त्याच फेरीत महाराष्ट्रात ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली, ती साखळी येथून सुरू होते. बाळंतपणानंतर पाणी कमी, डाळी बंद, भाज्या बंद असे पथ्य लागते. जुन्या सुखवस्तू घरात या पथ्याला भरपाईही होती. अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, खसखस, खारीक, तूप, वर बाळंतशोपा आणि शेक. अळिवात लोह, डिंकाच्या लाडवात भरपूर उष्मांक, म्हणून ते पथ्य एकूण हिशेबात तोट्याचे नव्हते. मजुरी करणाऱ्या घरात ही परंपरा अर्धीच पोचली. पथ्य फुकट असते, लाडवाला पैसे पडतात.

पाठोपाठच्या बाळंतपणाचा परिणाम आणखी वेगळा. आईला पुन्हा दिवस गेले की अंगावरचे दूध बिघडते, ते पोटातल्या बाळाचे असते आणि थोरल्याला बाधते, अशी समजूत वऱ्हाडात, मेळघाटात आणि जगाच्या कितीतरी भागांत आहे. त्यामुळे दीड वर्षाचे मूल एका दिवसात तोडले जाते, आणि त्याला दुधाच्या जागी काय द्यायचे हे ठरलेले नसते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३३ मध्ये आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, अशाच तोडलेल्या मुलांच्या अंगावर येणारी सूज, उतरणारी कातडी आणि तांबूस विरळ केस यांचे वर्णन करून क्वाशिओरकर हा कुपोषणाचा प्रकार वैद्यकाच्या नजरेस आणला. मेळघाटात सुजलेले मूल गुटगुटीत समजले जाण्याचा धोका असतो, म्हणून पायावर अंगठा दाबून खळगा राहतो का, हे पाहण्यास आशा कार्यकर्तीला शिकवले जाते.

आजारपणात समजुतींचा अंमल सर्वांत कडक होतो. जुलाब लागले की खाणे बंद, कारण बिघडलेल्या पोटाला विसावा द्यायचा. दात येण्याच्या वयातील जुलाब तर ‘दाताचे’ म्हणून औषधाविना सोडून दिले जातात, वास्तविक ते त्या वयात रांगत जाऊन तोंडात घातलेल्या वस्तूंचे असतात. गोवर आला तर देवी आली म्हणून घरात फोडणी बंद, तेल बंद, मांस-मासे बंद. आणि गोवर तर शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा खाऊन टाकणारा रोग. वैद्यकाचा सल्ला याच्या उलट आहे. जुलाबात अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न चालू ठेवायचे, मीठ-साखरेचे क्षारसंजीवनी पाणी द्यायचे, जस्ताच्या गोळ्या दोन आठवडे द्यायच्या, आणि बरे झाल्यावर काही दिवस रोज एक जेवण वाढवायचे. या शेवटच्या गोष्टीला परंपरेत जागाच नाही. आजारातून उठलेल्या मुलाची भूक वाढते तेव्हा ‘खा-खा सुटली’ म्हणून ती दीठ लागल्याची खूण समजली जाते. मुलाचे वजन मोजले की नजर लागते, म्हणून अंगणवाडीच्या काट्याला नकार देणाऱ्या आयाही आहेत. ज्या अमरावती जिल्ह्यात जन्मून गाडगेबाबांनी नवसाला आणि बकऱ्याच्या बळीला आयुष्यभर झोडपले, तेथे हे चालू असावे, याचे आश्चर्य वाटते. पण बाबांचे कीर्तन ऐकणाऱ्यांत पुरुष पुढे बसत आणि लेकराच्या आजाराचा निर्णय माजघरात होई, हेही ध्यानात घ्यावे लागते.

मेळघाटात या साखळीचे टोक डंबा हे आहे. पोट फुगलेल्या, श्वास लागलेल्या किंवा सतत रडणाऱ्या बाळाच्या पोटावर तापवलेल्या लोखंडाचे चटके देणे म्हणजे डंबा. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातील सिमोरी गावात बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर गरम विळ्याचे पासष्ट चटके दिल्याचे उघडकीस आले, तेव्हा राज्यभर संताप व्यक्त झाला. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली अशा प्रकरणांत गुन्हे नोंदवले जातात, आणि ते व्हायलाच हवेत. या प्रथेच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही. पण भुमका, म्हणजे कोरकूंचा पुजारी-वैदू, मध्यरात्री हाकेच्या अंतरावर सापडतो, कोरकूत बोलतो आणि रोगाचे कारण सांगतो. आरोग्य केंद्रात ते कारण मराठीत किंवा हिंदीत सांगितले जाते, अनेकदा सांगितलेच जात नाही. म्हणून भुमकांना प्रशिक्षण देऊन, आजारी बालक दवाखान्यात आणल्यास त्यांना मानधन देण्याचे प्रयोग प्रशासनाने केले. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने आणि बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी दीर्घकाळ जे काम केले, त्याचा मोठा भाग गावातल्याच माणसांमार्फत, गावाच्या बोलीत बोलण्याचा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची घरोघर काळजी घेण्याचा प्रयोग गावातल्याच बायकांच्या हाती सोपवला आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगापुढे मांडले, त्यातही हेच सूत्र होते.

डेरिक जेलिफ या बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात कोलकात्यात काम करताना बालसंगोपनाच्या रूढींची वर्गवारी हितकर, निरुपद्रवी, अपायकारक आणि अनिश्चित अशी करावी, असे सुचवले होते. वऱ्हाडात ती आजही उपयोगी पडेल. दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजणे, तेल चोळून कोवळ्या उन्हात निजवणे, सव्वा महिना बाळंतिणीला कामापासून दूर ठेवणे हे पहिल्या वर्गात बसते. काळा टीका आणि मनगटावरचे काळे मणी दुसऱ्या वर्गात, त्यांच्यावर बैठकीतील अर्धा तास खर्च करण्याचे कारण नाही. सगळ्याच रूढींवर एकदम तुटून पडणारी आरोग्यसेविका डंब्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार टीक्याच्या भांडणात गमावून बसते.

पोषण-शिक्षणाचे बहुतेक वर्ग आईला बोलावतात, हा आणखी एक हिशेबातील घोळ आहे. वीस-बावीस वर्षांच्या सुनेने वर्गात ऐकलेले सगळे तिला पटले, तरी वाटीत काय पडणार हे सासू ठरवते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कापूस वेचणीच्या महिन्यांत तर ती स्वतः घरी नसतेच. बाळ आजीजवळ किंवा आठ-दहा वर्षांच्या बहिणीजवळ असते. दिवसातून पाच वेळा मऊ, ताजे अन्न द्यावे, हा सल्ला वेचणीला गेलेल्या बाईच्या दिवसात कोठे बसतो, याचा विचार सल्ला देणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे शिजवलेले चौरस जेवण आणि पुढे बालकांना आठवड्यातून चार वेळा अंडी किंवा केळी देण्यास सुरुवात केली. तिच्यातील शहाणपणा असा की अन्न अंगणवाडीत, सगळ्यांसोबत खायचे असते. अंडे उष्ण असले तरी गावातली सगळीच मुले खात आहेत म्हटल्यावर एका सुनेवर दोष येत नाही. याउलट घरी नेण्यासाठी दिलेली कोरड्या पिठाची पाकिटे कोंबड्यांना आणि जनावरांना घातली जात असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. पाकीट घरात गेले की पुन्हा ‘पचन काय?’ या प्रश्नापुढे उभे राहते आणि तेथे त्याची बाजू मांडायला कोणी नसते.

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मात्र बाजार वेळेवर पोचला आहे. गावाच्या कोपऱ्यावरील किराणा दुकानात पाच रुपयांना मिळणारा बिस्किटाचा पुडा, कपभर चहात बुडवून मऊ केलेला, आज वऱ्हाडातील आणि मेळघाटातीलही अनेक बाळांचा पहिला नियमित वरचा आहार आहे. तो शिजवावा लागत नाही, बहिणीच्या हातून देता येतो, तोंडात विरघळतो, म्हणजे ‘हलका’ आहे, आणि उष्ण, थंड किंवा वातूळ यांपैकी कशातच मोडत नाही. म्हातारीच्या शास्त्राने त्याला कधी हरकत घेतली नाही, कारण तिच्या यादीत तो नव्हताच. मैदा, साखर आणि पामतेल यांच्या या तुकड्याने भूक मरते आणि चहातील द्रव्ये अन्नातील लोह शोषू देत नाहीत. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्याच्या दुधावर आणि अन्नावर जाहिरातबंदी घालणारा कायदा देशात १९९२ पासून आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. बिस्किटाचा पुडा बालकांचे अन्न म्हणून विकला जात नसल्यामुळे त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.